न पुरवलेली मागणी

समितीच्या कचेरीतली ती आकडेवाली मुलगी सकाळी साडेदहाला माझ्या टेबलाशी आली आणि खुर्ची न ओढता उभ्याउभ्याच म्हणाली, "सर, एक बारीकसं विचारायचं होतं. रकाना चौदा नेहमी रकाना तेराचा बरोबर तिसरा हिस्सा कसा काय असतो?" मी हातातला कप खाली ठेवला. तो बशीच्या काठावर टेकला, कलंडला, आणि चहा टेबलभर पसरला. तिनं चटकन आपले कागद उचलले, मग स्वतःच्याच रुमालानं टेबल पुसायला लागली, आणि पुसतापुसता बोलत राहिली. बावीस वर्षांचे आकडे तिनं पहिल्यांदाच एका जागी आणले होते. पंधराशे दिले तर पाचशे, बाराशे दिले तर चारशे, कुठंही चूक नाही, दशांशसुद्धा जुळतो. "काहीतरी सूत्र असणार ना, सर? मला तेवढं एका ओळीत लिहून द्या. उद्या अकराला शेवटची बैठक आहे, अध्यक्षबाईंना परिशिष्टात तळटीप हवी आहे." तिच्या बोलण्यात संशयाचा लवलेश नव्हता. एवढी मोठी माणसं एवढी वर्षं काहीतरी लिहीत आली म्हणजे त्यामागे सूत्र असणारच, असं वाटण्याचं तिचं वय होतं. मी म्हणालो, "उद्या सकाळी देतो." ती ओला रुमाल चिमटीत धरून गेली.

मी या देशाच्या वीज नियंत्रण कक्षाचा मुख्य आहे. देश म्हणायचा म्हणून देश. सकाळी एका टोकाहून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला दुसऱ्या टोकाला पोचतो, आणि वाटेत दोनदा चहाला थांबतो. एवढ्याशा जागेत अणुभट्टी बांधायची की नाही, यावर दीड वर्ष रण माजलं आहे, आणि निकाल द्यायला बारा जणांची ही समिती बसली आहे. निम्म्या भिंतींवर 'हो' लिहिलंय आणि निम्म्यांवर 'नको', आणि काही भिंतींवर 'हो' खोडून 'नको' आणि ते खोडून पुन्हा 'हो', इतकं की भिंतीचं मत काय ते भिंतीलाही सांगता येऊ नये. हो-वाले म्हणतात, किती दिवस शेजाऱ्यांच्या कोळशावर आणि गॅसवर जगायचं, त्यांनी डोळे वटारले की आपण अंधारात. नको-वाले म्हणतात, काही बिनसलं तर पळणार कुठं, पळतापळता समुद्रात पडाल. आणि तो कचरा हजारो वर्षं सांभाळायचा म्हणता, तुम्हाला नगरपालिकेचे नकाशे दहा वर्षं सांभाळता आले नाहीत. मला दोघांचंही पटतं. हा माझा जुना रोग आहे. घरी, लग्नाकार्यात, न्हाव्याकडे, जो तो मला विचारतो, तुम्ही तर त्यातले, तुमचं काय मत? मी सांगतो, मी काट्याच्या बाजूचा. लोकांना वाटतं मी विनोद करतो. आमच्या कक्षात समोरच्या भिंतीवर दीड हात रुंदीची एक गोल तबकडी आहे आणि तिच्यात एकच काटा. देशात तयार होणारी वीज आणि खर्च होणारी वीज त्या त्या क्षणी सारखी असेल तर तो पन्नासावर उभा राहतो. खर्च वाढला की खाली झुकतो, वीज जास्त झाली की वर सरकतो. फार खाली गेला तर सगळा देश एकदम कोसळतो, आणि तो पुन्हा उभा करायला दोन दिवस लागतात. तसं होऊ नये म्हणून आम्ही संध्याकाळी काही वस्त्यांचे दिवे घालवतो. आज या, उद्या त्या. त्याला भारनियमन म्हणतात. ऐकायला कवायतीचा प्रकार वाटतो. माझी उमेदीची सगळी वर्षं या काट्याकडे मान वर करून बघण्यात गेली, त्यामुळे मानेत कायमची उसण भरली आहे आणि माणसांकडेही मी जरासा वरच बघतो, असं बायको म्हणते.

बावीस वर्षांपूर्वी मी एकोणतिसाचा होतो आणि या कक्षात माझा दुसरा महिना चालला होता. तेव्हाच्या मुख्यांना सगळे जनरल म्हणत. सैन्याशी त्यांचा संबंध बुटांपुरताच होता. त्या वर्षी नोंदवह्या नव्यानं छापून आल्या होत्या आणि कुणा परदेशी सल्लागाराच्या सांगण्यावरून त्यात चौदावा रकाना आला होता. तेरावा रकाना जुनाच, 'पुरवलेली वीज'. चौदावा, 'न पुरवलेली मागणी'. म्हणजे ज्यांचे दिवे आपण घालवले त्यांनी, दिवे असते तर, किती वीज वापरली असती. मी पंधरा दिवस तो कोरा सोडला. जिथं वीज नाही तिथल्या मीटरवर शून्य दिसतं. अंधारात बसलेल्या माणसाला काय काय लावायचं होतं, पंखा, पंप, इस्त्री की नुसताच दिवा, हे मीटरला विचारता येत नाही. जनरलनी मला आत बोलावलं आणि वही उघडून माझ्याकडे फिरवली. "हे काय?" मी म्हणालो, "साहेब, ते मोजता येत नाही." ते म्हणाले, "मोजायला कोण सांगतंय? भरायला सांगतोय. रिकामा रकाना वर गेला तर वरचा माणूस मला विचारेल." मी जागेवर परत आलो. तेरामध्ये नऊशे होते. मी चौदामध्ये तीनशे लिहिले. तीनशेच का, तर नऊशेला तीननं भाग जातो. दुसरं कसलंही कारण नव्हतं, अगदी शपथेवर सांगतो. पुढच्या तासाला तेरामध्ये नऊशे साठ होते, मी तीनशे वीस लिहिले. संध्याकाळी जनरलनी पानाच्या तळाशी सही केली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून आठवते, कारण त्या नोकरीतली ती पहिली शाबासकी होती आणि मला खरोखरच बरं वाटलं होतं.

त्या रात्रपाळीच्या माणसानं माझं पाहून तसंच लिहिलं. त्याचं पाहून दुसऱ्या दिवशीच्या माणसानं. सहा महिन्यांत ती पद्धत झाली आणि दोन वर्षांत नियम. नवीन मुलगा आला की त्याला शिकवायचे, चौदा म्हणजे तेराचा तिसरा हिस्सा. कुणी विचारलंच तर सांगायचे, वरून तसं आहे. खरी गंमत पुढेच आहे. मीसुद्धा तसंच शिकवायला लागलो. वरून तसं आहे, असं मी कितीतरी पोरांना तोंड वर करून सांगितलं, आणि सांगताना मला स्वतःला ते खरं वाटत होतं. माणूस स्वतःची थाप विसरतो आणि मग तीच थाप त्याला कुणी वडीलधारं माणूस भेटावं तशी भेटते, आणि तो अदबीनं बाजूला सरकून तिला वाट देतो. आज त्या मुलीनं विचारेपर्यंत मला तो नऊशेचा आकडा आठवलासुद्धा नव्हता.

दुपारभर मी एक ओळ लिहायचा प्रयत्न करत होतो. 'रकाना चौदा हा कक्षात प्रचलित असलेल्या अंदाजपद्धतीनुसार भरण्यात आला आहे.' यात एकही शब्द खोटा नव्हता. सरकारी मराठी ही फार दयाळू भाषा आहे, तिच्यात कर्ता कुठेच नसतो, सगळं आपोआप करण्यात येतं. मी ती ओळ चार वेळा सुवाच्य अक्षरात लिहिली. तिच्या आधारानं काय काय उभं आहे, ते मला माहीत होतं. समितीनं तेरा आणि चौदा यांची बेरीज करून देशाची आजची मागणी दोन हजार मेगावॅट धरली आहे, दहा वर्षांनी ती चार हजार होईल असं गृहीत धरलं आहे, आणि चार हजारांच्या देशाला सहाशेची एक भट्टी शोभते, असं म्हटलं आहे. पण मागणी खरंच केवढी आहे, हे कुणालाच ठाऊक नाही. सोळाशे असेल. सुट्टीच्या दुपारी सगळा देश मिळून नऊशेसुद्धा खात नाही. नऊशेच्या देशात सहाशेची भट्टी म्हणजे तीन पायांच्या स्टुलाचे दोन पाय एकाच लाकडाचे. ती भट्टी काही कारणानं एकाएकी थांबली तर काटा आमच्या डोळ्यांदेखत खाली जाईल आणि देश कोसळेल. आणि थांबलेली भट्टी काही विझलेली चूल नव्हे. ती थांबल्यावरही कितीतरी दिवस आतून धगधगत असते. तिला थंड ठेवणाऱ्या पंपांना बाहेरून वीज लागते, आणि ती बाहेरची वीज म्हणजे आम्ही. तिथं डिझेलचे पंप असतील, बॅटऱ्या असतील, शहाणी माणसं असतील, सगळं असेल. पण त्या सगळ्याच्या तळाशी माझा तीनशेचा आकडा असेल, जो नऊशेला तीननं भाग जातो म्हणून लिहिला होता. तरी सांगायला हवं की हे असं स्वतःशी म्हटलं तेव्हाही मला मुख्यतः लाजच वाटत होती. भीती वाटली ती नंतर, आणि भट्टीची नव्हे.

आम्ही सकाळी कपातीचा तक्ता करतो. गेल्या वर्षी याच दिवशी मागणी किती होती ते वहीत बघायचं, म्हणजे पुन्हा तेरा अधिक चौदा. त्यातून आज हाताशी असलेली वीज वजा करायची. जेवढी तूट येईल तेवढ्या वस्त्यांचे फीडर, म्हणजे तिकडे वीज नेणाऱ्या तारा, लाल पेन्सिलीनं रेघायचे, संध्याकाळी ते बंद. मी पाचव्यांदा ती ओळ लिहीत होतो आणि माझा हात थांबला. चौदा जर हवेतला असेल तर तूटही हवेतलीच. गेल्या बावीस वर्षांत गॅसवरची दोन नवी केंद्रं सुरू झाली, तरी आमची तूट होती तेवढीच राहिली, आणि आम्ही एकमेकांना सांगायचो, देश वाढतोय. मग मला ते दुसरं आठवलं, जे मला रोजच माहीत होतं. संध्याकाळी लाल रेघेचे फीडर बंद केले की बरेचदा काटा पन्नासाच्या वर चढायचा. मग मी वीजकेंद्राला फोन करायचो, जरा हात आखडा. ते आनंदानं आखडायचे, त्यांचं इंधन वाचायचं. खात्याच्या पत्रात दोनदा माझं कौतुक छापून आलं, काटा कधी पडू न देणारा माणूस म्हणून. या दोन्ही गोष्टी बावीस वर्षं माझ्याच टेबलावर शेजारीशेजारी बसल्या होत्या, आणि मी त्यांची एकमेकींशी ओळख करून दिली नव्हती. मी दिवे घालवत होतो आणि लगेच फोन करून वीज नको म्हणून सांगत होतो. रोज नसेल. अडचणीच्या दिवशी तूट खरीच असायची. पण मग कोणत्या दिवशी? असं मी मनाशी विचारलं, आणि कोणत्या दिवशी हे विचारल्यावर एकच दिवस डोळ्यांपुढे आला.

माझी आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. वर्षभरानं दादाचं लग्न झालं आणि वहिनी घरात आली. दादा माझ्याहून सतरा वर्षांनी मोठा, चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, पुढे दुकान त्याचंच झालं. वहिनी स्वतः सातवीपर्यंत शिकलेली, पण माझी बीजगणिताची पुस्तकं ती माझ्या आधी वाचायची, म्हणजे मी अडलो तर तिला सांगता यावं. अडायची ती स्वतःच, आणि मग मला तिला समजावून सांगावं लागायचं, आणि त्यातच मला येऊ लागलं. मी इंजिनियर झालो तेव्हा ती म्हणाली, "आता दोघंही झालो." मी कक्षात लागल्यावर तिनं मला नाव ठेवलं, अंधाराचे साहेब. "अंधाराचे साहेब आले, दिवा लावू का विचारून घ्या." तेवीस नंबरचा फीडर त्यांच्या वस्तीचा. ती कधीतरी फोन करून विचारायची, "भावजी, आज आमची पाळी किती वाजता हो?" मी कधीही सांगितलं नाही. वेळा बाहेर सांगायच्या नाहीत, असा नियम होता, कारण कळलं की लोक आधीच पंप लावून ठेवतात. मोठमोठ्यांच्या घरचे फीडर कसे रेघेतून सुटतात ते मी पाहत होतो, आणि माझ्या घराला, माझ्या भावाच्या घराला कधी सूट नाही, याचा मला अभिमान होता. खरं तर गर्वच म्हणावा. ती हसायची, म्हणायची, "बरं बाई, कळेल तेव्हा कळेल." नऊ वर्षांपूर्वी एका संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वाळलेले कपडे घेऊन गच्चीवरून उतरताना ती जिन्यात पडली. वस्तीतले दिवे साडेसहाला गेले होते. खुब्याचं हाड मोडलं. अकरा आठवडे अंथरुणावर होती, मग छातीत पाणी झालं, आणि गेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी दादासमोर उभा होतो, तेव्हा तोच म्हणाला, "देशातच वीज नाही, तर तू तरी कुठून आणणार?" नऊ वर्षं मी त्या एका वाक्यावर जगलो आहे. रात्री कूस बदलताना ते मला ऐकू येतं, आणि मी झोपतो.

तळघरातल्या दफ्तरखान्याचा म्हातारा, ज्याला आम्ही वाळवी म्हणतो, त्यानं तारीख ऐकून माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता वही काढून दिली. त्यालाही ती तारीख माहीत होती, त्या दिवसांत सगळ्या खात्याला माहीत होती. अक्षर माझंच होतं. त्या दिवशी एक माणूस आजारी म्हणून मी स्वतः पाळीवर बसलो होतो. साडेसहा, तक्त्याप्रमाणे सोळा, तेवीस, एकतीस बंद. सहा पंचावन्न, काटा पन्नास दशांश पाच, केंद्र दोनला सत्तर मेगावॅट कमी करण्यास सांगितले. सात दहा, काटा पन्नास दशांश दोन, सर्व ठीक. त्याखाली माझी सही, लांब शेपटाची, खुशीत असलो की मी तशी करतो. तेवीस नंबरच्या फीडरला संध्याकाळी बारा मेगावॅट लागतात. मी सत्तर नको म्हणून सांगितले होते. मी वही मिटली, पुन्हा उघडली. अक्षर बदललेलं नव्हतं. वाळवी म्हणाला, "साहेब, पाणी देऊ का?" मी नको म्हणालो आणि ते दोन जिने चढून वर आलो, कठड्याला धरून, थांबत थांबत, एखाद्या अनोळखी इमारतीत आल्यासारखा.

संध्याकाळी दादाच्या दुकानात गेलो. वहिनी गेल्यावर सात वर्षं हा माणूस जवळजवळ मुका होता. गिऱ्हाइकाला एकाचा चष्मा दुसऱ्याला द्यायचा, आणि गिऱ्हाईकही दया येऊन तोच डोळ्यांवर चढवून निघून जायचं. मग दीड वर्षापूर्वी समितीची पहिली जाहीर सुनावणी झाली. कुणीतरी त्याला ओढून नेलं, आणि तिथं तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, माझी बायको वीज नसल्यामुळे गेली. त्या दिवसापासून तो बोलतोय. हो-वाल्यांच्या पत्रकावर त्याचा फोटो आहे. दुकानाच्या काचेवर आतून 'हो' चिकटवलंय, ते बाहेरून वाचता यावं म्हणून, त्यामुळे आत बसलेल्या त्याला ते दिवसभर उलटं दिसतं. तो जेवतो, दाढी करतो, शर्टाला इस्त्री असते. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला असं पुन्हा माणसात आलेलं बघून मी किती वेळा मनातल्या मनात त्या अजून न बांधलेल्या भट्टीचे आभार मानले असतील. मला बघून त्यानं घासायची काच बाजूला ठेवली. "ये, धाकट्या. बरा आलास. उद्या शेवटच्या बैठकीत मला तीनच मिनिटं देणार आहेत. घड्याळ लाव आणि ऐक."

"दादा, मला एक सांगायचं होतं."

"आधी हे ऐक. नंतर तुझं निवांत ऐकतो."

तो उभा राहिला आणि काउंटरच्या पलीकडून वाचू लागला, रिकाम्या खुर्च्यांसमोर, भिंतीवरच्या शंभर रिकाम्या चष्म्यांसमोर. तिचा स्वभाव, तिचं बीजगणित, कपडे वाळत घालायची तिची सवय. मग ते वाक्य, 'त्या संध्याकाळी या देशात वीज नव्हती, म्हणून दोष कुणा माणसाला देता येत नाही.' हे वाचताना त्यानं कागदावरून वर माझ्याकडे बघितलं. त्याला वाटत होतं की तो मला काहीतरी देतोय. नऊ वर्षं देत आला होता. दोन मिनिटं पन्नास सेकंद झाली.

"कसं वाटलं?"

"चांगलं आहे."

"फार रडकं नाही ना?"

"नाही."

"तू काय सांगणार होतास?"

"काही नाही. उद्या मीपण आहे तिथं, एवढंच."

"मग तर झालंच," तो म्हणाला. "आपलं माणूस समोर असलं की माझी जीभ अडखळत नाही." आणि त्यानं माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, दिव्यासमोर धरला, किती घाण करून ठेवतोस म्हणत फडक्यानं पुसला आणि पुन्हा माझ्या कानांवर बसवला, मी आठ वर्षांचा असताना बसवायचा तसाच, आधी डावा कान. मी रस्त्यावर आलो. सगळं लख्ख दिसत होतं आणि मला ते नको होतं. मी स्वतःला समजावत चाललो. वहिनी तर परत येणार नाही. भट्टी होईल की नाही, ते बारा शहाणी माणसं बघतील. कुणा एका आकड्यावर देश चालत नसतो. दादाचे राहिले किती दिवस, दहा वर्षं, पंधरा. तेवढी त्याला सुखानं जगू द्यायची, तर मला एक ओळ द्यायची आहे, जिच्यात एकही शब्द खोटा नाही. घरी बायकोनं विचारलं, "बरं नाही का?" मी म्हणालो, "मान." तिनं मलम आणून दिलं.

सकाळी मी ती ओळ आकडेवालीच्या हातात दिली. तिनं वाचली, "थँक यू, सर," म्हणाली आणि फाईलला टाचली. बैठक एका लांबट खोलीत होती, टेबलाला काच, काचेखाली देशाचा नकाशा, ज्यावर अध्यक्षबाईंचं कोपर अर्धा किनारा झाकून होतं. त्या निवृत्त न्यायाधीश, सावकाश बोलणाऱ्या. आधी नागरिकांना वेळ होता. नको-वाल्या एका डॉक्टरबाई बोलल्या, मग दादा उठला. कागद त्यानं खिशातच ठेवला. वहिनीबद्दल बोलला, आणि मग जे काल वाचलं नव्हतं ते बोलला. "तिचे दिवे ज्यानं घालवले तो माझा सख्खा भाऊ आहे. तो इथं बसलाय. त्याच्या हातात सगळ्या देशाची बटणं होती, पण त्यानं कधी स्वतःच्या घराला सूट दिली नाही. अशा प्रामाणिक माणसाला पुन्हा असं करायची पाळी येऊ नये, म्हणून मला ही भट्टी हवी." खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. प्रामाणिक हा शब्द मला असा लागला की मी खुर्चीत मागे सरकलो. कुणी शिवी दिली असती तर मी ती बिनबोभाट घेतली असती.

मग आकड्यांचं परिशिष्ट निघालं. आकडेवालीनं माझी ओळ वाचली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "ठीक. पुढे." पान उलटण्याचा आवाज झाला. सुटलो होतो. नुसतं बसून राहायचं होतं, आणि बसून राहण्यात मी आयुष्य काढलं आहे. पण मी उभा होतो. मी म्हणालो, "ती ओळ बरोबर नाही." आवाज माझाच होता, फाटका. मी त्यांना सांगितलं की चौदावा रकाना मी बनवला, बावीस वर्षांपूर्वी, नऊशेला तीननं भागून, आणि त्याला काहीही आधार नाही. हो-वाल्यांतले एक प्राध्यापक म्हणाले, "अहो, अंदाज हा शेवटी अंदाजच असतो." अध्यक्षबाईंनी त्यांना हातानं थांबवलं. "म्हणजे देशात विजेची तूट प्रत्यक्षात किती आहे?"

"सांगता येत नाही. काही दिवस खरोखर असते. काही दिवस आम्ही लोकांचे दिवे घालवले आणि त्याच वेळी केंद्राला वीज कमी करायला सांगितली."

"याची नोंद आहे?"

"आहे. माझ्याच अक्षरात आहे."

मी दादाकडे पाहणार नव्हतो, तसं ठरवलं होतं, पण तो दुसऱ्या रांगेत हळूहळू उभा राहिला ते मला दिसलंच.

"धाकट्या," त्यानं हाक मारली. "त्या दिवशी?"

अध्यक्षबाई हलकेच म्हणाल्या, "आपण बसून घ्या." तो बसला नाही. बहुधा त्याला ते ऐकू आलं नाही.

"होती, दादा," मी म्हणालो. "वीज होती."

"किती?"

"सत्तर मेगावॅट जास्तच होती. मीच नको म्हणून सांगितलं. ती पडली त्याच्या पंधरा मिनिटं आधी."

त्याला मेगावॅट म्हणजे काय ते माहीत नव्हतं. दीड वर्ष तो भट्टीबद्दल बोलत होता आणि हा शब्द त्यानं शंभरदा उच्चारला असेल, पण त्याला तो माहीत नव्हता. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आकडेवालीवर त्याची नजर थांबली. ती मान खाली घालून म्हणाली, "सात कोटी वॅट, काका."

दादा तसाच उभा राहिला. ओठ हलत होते, काहीतरी जुळवत असल्यासारखे. मी त्याच्याकडे निघालो, दोन खुर्च्या ओलांडल्या, तेव्हा त्यानं मला थोपवायला हात पुढे केला. रागानं नव्हे, वाटेत कुणी आलं की करतो तसा. तो टेबलाच्या टोकाशी बसून सगळं टिपून घेणाऱ्या कारकुनाकडे वळला.

"आमच्या जिन्यात साठचा दिवा होता," तो म्हणाला. "साठ वॅट. लिहा."